राखेतला जबडा

डेल्फा ओचावानो माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसे, ताटाकडे बघून बोलत असे. तोंडाचं काय, ते वाटेल ते सांगतं. ताट खोटं बोलत नाही, असं तिचं ठाम मत होतं, आणि हे मत तिनं कुणापासून लपवलंही नव्हतं. कुणी "जेवलो बरं का" म्हणालं की ती आधी उरलेली हाडं बघायची आणि मगच "बरं" म्हणायची.

गावाचे जाणते होते तिचे सख्खे मामा, कासिमिरो. वय शहात्तर, एका डोळ्यानं काहीच दिसत नसे आणि दुसऱ्यानं फक्त उजेड आणि अंधार. वेलीचा काढा प्यायला लोक त्यांच्याकडे पुकाल्पाहून येत, लीमाहून येत, आणि अलीकडे तर समुद्रापलीकडूनही यायला लागले होते. पण आला आणि प्यायला, असं मामांकडे चालत नसे. आधी दहा दिवस पथ्य. तळ्यापलीकडच्या रानात प्रत्येकाला एक झोपडी, झोपडीत एक झुला, डासांसाठी धुराची एक लहानशी शेकोटी, आणि तोंडाला कुलूप. मीठ नाही, साखर नाही, तेल नाही, मिरची नाही, डुकराचं मांस नाही, दारू नाही, बाईला पुरुष नाही की पुरुषाला बाई नाही. शहरातून डॉक्टरच्या गोळ्या घेत येणाऱ्याला तर मामा दारातूनच परत पाठवत. जेवायला सकाळी एक उकडलेलं हिरवं केळं आणि दुपारी एक शेकलेला मासा. मासाही कुठला, तर बोकिचिको, कारण त्याला दात नसतात. दातवाला मासा पोटात गेला की आतून चावत सुटतो आणि वेल अशा माणसाकडे पाठ फिरवते. पान्या, म्हणजे पिरान्हा, तर विचारूच नका. त्याच्या तोंडात नुसते दातच असतात, बाकी मासा नावापुरता.

हे पथ्याचं जेवण रांधायला बाईही तशीच लागते. जिची पाळी गेली आहे आणि जिच्या घरात पुरुष नाही, तिच्या हातचंच चालतं. अकरा वर्षांपूर्वी एकाच पावसाळ्यात डेल्फाचा नवरा आरिस्तिदेस तापानं गेला आणि तिची पाळीही थांबली. चाळीस दिवसांनी मामांचा निरोप आला, "डेल्फे, ये. चूल तुझी वाट बघतेय."

मामांनी तिला रांधायला बोलावलं होतं. पोलीस चौकी तिनं स्वतःच उघडली.

पथ्यावरच्या माणसाची हाडं कुत्र्यामांजराच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून ती गोळा करून पलीकडच्या मोठ्या झाडाखाली पुरायची, एवढीच खरी रीत. डेल्फा ती हाडं पुरण्याआधी मोजायला लागली. एका बोकिचिकोच्या कण्याला मणके किती, फासळ्या किती, हे तिला बोटांवर पाठ झालं. मग ती झोपड्यांमधली राख वेताच्या चाळणीनं चाळायला लागली. चाळणीत एका मास्तराची बिस्किटाची चांदी सापडली. एका नर्सबाईच्या राखेत लिंबाच्या बिया निघाल्या. आरेकिपाहून आलेल्या एका जाडजूड वकिलाच्या झोपडीत तर अख्खं मक्याचं कणीस. सगळ्यांना ती मामांपुढे उभं करायची, मामा त्यांच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवून पथ्य तोडायचे आणि घरी धाडायचे. एकदा मोडलं की पुढली दोन वर्षं मामांच्या दारात उभं राहायचं नाही, असा दंडक होता. गावातले लोक म्हणायचे, "डेल्फाच्या चाळणीतून जेवलेला डाससुद्धा निसटत नाही." हे कौतुक होतं की टोमणा, हे तिनं कधी विचारलं नाही. कौतुकच धरून चालायची.

आणि चार वर्षांपूर्वी तिनं एल्मरला पकडलं.

एल्मर तिच्या नणंदेचा, रुपेर्ताचा मुलगा. रुपेर्ता कापडावर नक्षीचं भरतकाम करून शहरात विकायची, आठवड्यातले तीन दिवस बाहेर असायची, म्हणून हा पोरगा लहानपणी डेल्फाच्याच चुलीपाशी वाढला. मोठेपणी त्याला मामांचं काम शिकायचं होतं. पहिलंच पथ्य आणि नवव्या दिवशी त्याच्या शेकोटीशेजारी रानडुकराचं हाड. एल्मर म्हणाला, "मामी, कुत्र्यानं आणून टाकलं असेल." डेल्फा मामांच्या अंगणात, सगळ्यांदेखत म्हणाली, "कुत्र्याला बरं सुचलं, तुझा पाहुणचार करायला." अख्खं अंगण हसलं. एल्मरच्या जिभेवर मीठ ठेवलं गेलं. आठवड्याच्या आत तो दक्षिणेला सोन्याच्या खाणींवर निघून गेला, तो आजतागायत आलेला नाही. रुपेर्तानं त्या दिवसापासून डेल्फाशी बोलणं टाकलं. घरं हाकेच्या अंतरावर, तळ्याचा घाट एक, पण वाट दिसली की रुपेर्ता वळून जायची. डेल्फा म्हणायची, "मुलाचं पाप झाकायला हवं होतं का मी? माझा असता तरी हेच केलं असतं."

हे वाक्य तिनं चार वर्षांत बऱ्याच जणांना ऐकवलं होतं.

आता यंदाचं ऐका. या खेपेला पथ्यावर दोघंच होते. एक हॉलंडचा योस्त, आणि दुसरा रुस्बेर, डेल्फाचा स्वतःचा मुलगा.

रुस्बेर एकोणतीस वर्षांचा. पुकाल्पाला लाकडाच्या गिरणीत कामाला होता आणि गिरणीपेक्षा दारूच्या दुकानात जास्त. आधी बायको गेली, मग काम गेलं, मग एके दिवशी गावी येऊन त्यानं बापाच्या होडीचं इंजीन रातोरात उचललं आणि विकून प्यायला. डेल्फानं तेव्हा त्याच्या अंगावर पाण्याची बादली फेकली होती आणि सांगितलं होतं, की बापाचं या घरात आता विकण्याजोगं काही उरलेलं नाही, तेव्हा येण्याची तसदी घेऊ नकोस. तीन वर्षांनी, एका सकाळी, तोच रुस्बेर घाटावर उतरला. अंगात कापरं, डोळे खोल गेलेले.

"आई, मला मामाआजोबांकडे बसव. दारू सुटत नाही माझ्यानं."

"किती दिवस झाले प्यायलास त्याला?"

"सहा."

डेल्फानं जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला, मानेचा घेतला, सदऱ्याचा घेतला. सहाच असावेत, असं तिचं नाक म्हणालं. मन मात्र म्हणालं, बघू. मामांनी आणखी दोन आठवडे त्याला नुसतं आपल्या घरी ठेवून घेतलं, कापरं थांबू दिलं आणि मगच झोपडी दिली. आता हे पथ्य तडीला गेलं तर तो वेल पिणार, मामा त्याच्यासाठी गाणार, आणि पुढे वर्षभर मामांपाशीच राहणार. मोडलं, तर मीठ, होडी आणि पुन्हा पुकाल्पा. दोन वर्षांनी परत यायला तो उरेल की नाही, हे डेल्फाला कुणी सांगायला नको होतं. तिनं तसं गेलेले तीन जण आपल्या डोळ्यांनी पुरलेले पाहिले होते.

पहिले सात दिवस तिचा सगळा संशय योस्तवर खर्च झाला. तो सहा फूट उंच, लालबुंद, आणि भयंकर सभ्य माणूस होता. भयंकर सभ्य माणसं तिला मुळातच पसंत नव्हती. त्यानं येताना जवळ एक काळी बाटली आणली होती. डेल्फानं ती उघडून हुंगली.

"हे काय?"

"सोयाबीनचा रस, बाई. हे मीठ नाही, खारट आहे फक्त."

"म्हणजे चोर नाही, चोरी करतो फक्त." तिनं बाटली ताब्यात घेतली.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, शेंगदाण्याचं लोणी चालेल का. चौथ्या दिवशी विचारलं, चॉकलेट हेही मुळात झाडच ना. पाचव्या दिवशी डेल्फानं तो अंघोळीला गेलेला असताना त्याचे बूटसुद्धा उलटे करून झटकले. काही निघालं नाही. याचा तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, उलट संशय वाढला, कारण ज्याच्याकडे काहीच सापडत नाही तो फार हुशार असतो, असा तिचा अनुभव होता.

रुस्बेर मात्र गप्प असायचा. ताट पुढे केलं की घ्यायचा, सावकाश खायचा, हाडं पानात नीट एका बाजूला लावून ठेवायचा. डेल्फा मोजायची. बरोबर भरायची. सातव्या दिवशी त्याच्या गालावर जरा मांस आल्यासारखं वाटलं आणि तिला पहिल्यांदा वाटलं, की देव करो, होईलही. ते वाटून ती स्वतःवरच चिडली.

आठव्या दिवशी सकाळी तिनं त्याच्या शेकोटीची राख चाळणीत घेतली आणि हलवली. राख खाली गेली. चाळणीत राहिला एक जबडा.

काळा पडलेला, तिच्या तळहाताच्या अर्ध्याएवढा. करवतीसारखी दातांची रांग. पान्याचा जबडा ओळखायला अकरा वर्षं चूल फुंकलेली असावी लागत नाही, शेंबडं पोरही ओळखतं.

डेल्फा उकिडवी बसली होती ती तशीच बसून राहिली. रुस्बेर झुल्यात पाठ करून पडला होता. मग ताबडतोब डोकं चालायला लागलं, ते तिचं नेहमीच चालायचं. पान्या धरायला आमिष लागतं आणि दोरा लागतो. दोरा कुठून आला? योस्तनं दिला असेल. योस्तच्या पिशवीला दोऱ्याच होत्या सगळीकडे. दोघं मिळून तर नसतील? तळं झोपडीपासून दोनशे पावलांवर. काल संध्याकाळी तो पाय धुवायला म्हणून गेला होता, वेळ लागला होता. लागला होता ना? आता आठवल्यावर तर फारच लागला होता.

तिनं जबडा केळीच्या पानात गुंडाळून कनवटीला लावला.

"रुस्बेर, काल शेकोटीत काय जाळलंस?"

"लाकडं."

"आणि?"

तो वळला. "आणि लाकडंच. का?"

"काही नाही. पोट भरतंय ना?"

"तू आणतेस तेवढंच खातो. आई, काय विचारायचंय ते सरळ विचार ना."

तिनं विचारलं नाही. सरळ विचारलं की माणूस सरळ खोटं बोलतो, आणि त्याच्या तोंडून खोटं ऐकायची तिच्यात ताकद नव्हती. 'लाकडंच' म्हणताना त्याची नजर क्षणभर खाली गेली होती. तेवढं तिला पुरलं. ज्यानं बापाचं इंजीन विकलं त्याला मासा लपवायला कितीसा वेळ लागणार?

ती तळ्याच्या काठानं चालत गेली. चिखलात पावलं शोधली. पावलं होती. काठ म्हटल्यावर पावलं असणारच, पण त्या सकाळी तिला ती सगळी रुस्बेरचीच दिसली. एका फांदीला नायलॉनचा तुकडा अडकलेला होता. जुनाट, शेवाळलेला, कुण्या कोळ्याचा. तोही तिनं कनवटीला लावला.

मग ती मोठ्या झाडाखाली गेली, जिथं हाडं पुरायची. काठीनं खड्डा केला. जबडा टाकायचा, माती लोटायची, संपलं. कुणाला कळणार? मामांना दिसत नाही. योस्तला समजत नाही. दोन दिवस राहिले आहेत. मुलगा वाचेल.

तिनं पानाची गुंडाळी खड्ड्यात ठेवली आणि वर मूठभर मातीही टाकली.

मग हात थांबले. एक तर भीती. पोटात पान्या घेऊन माणूस वेल प्यायला तर काय होतं, हे मामांनी शंभरदा सांगितलं होतं. वेल अंगात सापासारखी उलटी फिरते, आणि डोकं जागेवर राहत नाही. आपणच झाकायचं आणि आपणच मुलाला वेलीच्या तोंडी द्यायचं? आणि दुसरं म्हणजे रुपेर्ता. ती इथं नव्हती, घरी सुईत दोरा ओवत बसली असेल. पण डेल्फाला वाटलं, ती मागे उभी आहे आणि खड्ड्याकडे बघते आहे. माझा असता तरी हेच केलं असतं. किती सोपं होतं म्हणायला.

डेल्फा रडली. सरळ मातीत बसून, पदर तोंडाला न लावता, मोठ्यानं रडली. मग तिनं गुंडाळी परत वर काढली, झटकली, आणि मामांच्या घराची वाट धरली.

मामा ओसरीवर तंबाखू चोळत बसले होते. पावलांवरून त्यांनी तिला ओळखलं.

"डेल्फे, आज पाय जड टाकतेस."

"मामा, पथ्य मोडलंय."

"परदेशीबुवा?"

"नाही." तिनं कनवटीची गुंडाळी काढली. "माझा."

मामांनी तंबाखू बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. डेल्फानं पान उलगडून जबडा त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, "राखेत सापडला. पान्या आहे. मी विचारलं, तो लाकडं म्हणाला. मी लपवणार होते मामा, खोटं का बोलू. पुरलाही होता."

मामांनी जबडा दोन्ही हातांत घेतला. दिसत नसल्यापासून ते सगळंच बोटांनी बघायचे, आणि घाई कधीच करायचे नाहीत. अंगठा दातांवरून फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग जबड्याच्या बुडाशी गेला आणि तिथं थांबला. नखानं राख खरवडली. आणखी खरवडली. मग त्यांनी जबडा तोंडाशी नेऊन फुंकर मारली.

"काडी दे एक."

तिनं झाडूची काडी मोडून दिली. मामांनी ती जबड्याच्या बुडातून आरपार घातली.

"खाल्लेल्या माशाला भोक पाडून कोण ठेवतं गं?"

डेल्फानं वाकून बघितलं. भोक गोल होतं, गुळगुळीत, वर्षानुवर्षं दोरी घासून झालेलं. आत जळक्या दोरीची गाठसुद्धा अजून चिकटलेली होती.

"परवा मीच त्याला सांगून आलो," मामा म्हणाले. "म्हटलं, पोरा, खाण्यातले दात तर सोडलेच आहेस, जवळ दुसरं काही दातांचं असेल तर तेही लांब कर. विस्तवात टाक. मला वाटलं असेल एखादा कंगवा. गप्प बसला होता तो. बराच वेळ."

"पण हा कुणाचा..."

"ते तू मला सांगायचं. मला दिसत नाही. एक दात तुटलेला लागतोय बघ, डावीकडून तिसरा."

डावीकडून तिसरा. डेल्फानं जबडा हिसकावूनच घेतला. दात तुटला होता, आणि तो कुणी तोडला होता हे तिला माहीत होतं. तिनंच. आरिस्तिदेसनं लग्नाच्या वर्षी पान्या धरून त्याचा जबडा साफ करून, भोक पाडून कमरेला बांधला होता. जाळं विणताना दोरा तोडायला त्याला तो लागायचा, आणि भरतकाम करताना तिलाही. एकदा तिनं त्या जबड्यानं दोऱ्याऐवजी तार तोडायला घेतली आणि दात मोडला. आरिस्तिदेस दोन दिवस रुसला होता. म्हणाला होता, "मला दात पडलेली बायको चालेल, दात पडलेला जबडा नाही चालणार." वीस वर्षं तिनं हा जबडा हातात धरला होता. आरिस्तिदेस गेल्यावर तो सापडला नाही, तेव्हा रुस्बेरनं विकला असणार, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. जबडा कोण विकत घेतं, हा प्रश्न तिला पडला नव्हता.

म्हणजे रुस्बेरनं इंजीन विकलं, सदरे विकले, पण हा जपून लपवून ठेवला. आणि मामांनी सांगितलं म्हणून बापाची एवढी एकच वस्तू विस्तवात टाकली.

"मोडलं नाही तर त्याचं," ती म्हणाली.

"मोडलं नाही. मी सांगितलं त्याहून जास्त पाळलंन." मामा पुन्हा तंबाखू चोळायला लागले. डेल्फा उठली, तशी म्हणाले, "बस जरा. एक विचारायचंय. एल्मरचं हाड आणलं होतंस तेव्हा मी ते हातात घेतलं नव्हतं. तेव्हा मला दिसत होतं थोडं, आणि तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा होता. ते तू नीट बघितलं होतंस का?"

डेल्फानं तोंड उघडलं, "डुकराचंच होतं" म्हणायला. ते डुकराचंच होतं यात वाद नव्हता. पण खाल्लेलं होतं का? शिजलेलं होतं की कच्चं? त्यावर दात कुणाचे होते, माणसाचे की कुत्र्याचे? तिला हाड आठवत होतं, अंगणातलं हसणं आठवत होतं, आपण केलेला विनोद शब्दन् शब्द आठवत होता. दातांच्या खुणा काही आठवेनात.

"मामा, मी बघितलंच नाही," ती म्हणाली.

"मीही नाही," मामा म्हणाले. "जा आता. मासा जळेल."

मासा जळला नाही. तो घेऊन ती रुस्बेरकडे गेली, ताट दिलं आणि ताटाशेजारी जबडा ठेवला. त्यानं बघितलं आणि खाणं थांबवलं.

"मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, हा ठेवलास तर मग बाकी काय काय विकलंस तेही सांग."

ती तसंच म्हणाली असती. नाकारण्यात अर्थ नव्हता.

"मी हा जबडा घेऊन मामांकडे गेले होते, तुला मीठ द्यायला लावायला," ती म्हणाली. त्याला हे कळायलाच हवं असं तिला वाटलं. रुस्बेरनं मान हलवली, जणू त्यात नवीन काही नव्हतं, आणि पुन्हा खायला लागला. तेच तिला जास्त लागलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हा इथं नको ठेवू," तो घास गिळून म्हणाला. "दोन दिवस राहिलेत माझे."

म्हणून जबडा घेऊन ती निघाली, आणि पाय आपसूक रुपेर्ताच्या घराकडे वळले. आरिस्तिदेस रुपेर्ताचा धाकटा भाऊ. जबड्यावर तिचाही हक्क होता, असं डेल्फानं वाटेत स्वतःला सांगितलं. जायला काहीतरी कारण हवं होतं.

रुपेर्ता ओट्यावर भरतकाम करत होती. पायाशी कुत्रं झोपलं होतं. तिनं मान वर केली, डेल्फाला बघितलं आणि पुन्हा सुईकडे वळली.

"वन्सं," डेल्फा म्हणाली.

सुई चालत राहिली.

"वन्सं, मला दोन शब्द बोलू द्या. मग हाकला."

"माझ्याकडची राख तिकडे मागे आहे," रुपेर्ता कापडाकडे बघतच म्हणाली. "चाळून घे. काल अंडं खाल्लं मी."

डेल्फानं ते गिळलं. खाली पायरीवर बसली, आणि सगळं सांगितलं. जबडा, पुरणं, उकरणं, भोक, मामांचा प्रश्न. काही वगळलं नाही. नायलॉनचा शेवाळलेला तुकडासुद्धा कनवटीतून काढून दाखवला. मग जबडा ओट्यावर ठेवला.

रुपेर्ताची सुई थांबली होती. तिनं जबडा उचलला, बोट फिरवत तिसऱ्या दातापाशी आली, आणि तिच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. "दोन दिवस माझ्याकडे येऊन जेवला होता रुसून," ती म्हणाली. मग लगेच आवाज घट्ट झाला. "बरं, तुझ्या मुलाचं निभावलं. माझ्याकडे का आलीस?"

"एल्मरचं मी नीट बघितलं नव्हतं, हे सांगायला. कदाचित त्यानं खाल्लंही असेल, कदाचित..."

"कदाचित?" रुपेर्तानं कापड बाजूला ठेवलं. "डेल्फा, सात वर्षांचा असताना तुझ्याच घरी डुकराचं मांस खाऊन तो तीन दिवस ओकत होता. कुणी पाजलं त्याला पेरूच्या पाल्याचं पाणी?"

डेल्फानं मान वर केली.

"तू. नंतर डुकराच्या नुसत्या वासानं उठून जायचा पोरगा. तू त्याला वेगळं रांधून घालायचीस. दहा वर्षं घातलंस. आणि त्या दिवशी अंगणात उभी राहून म्हणालीस, डुकराचं मांस खाल्लं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत सगळे हसायला लागले होते."

पायाशी झोपलेलं कुत्रं उठलं, अंग झटकलं, आणि डेल्फाचा मासळीचा हात चाटून पुन्हा झोपलं. डेल्फा हात तसाच धरून बसली. अकरा वर्षं तिनं लोकांच्या ताटातलं एकेक हाड लक्षात ठेवलं होतं, आणि आपल्या हातानं भरवलेला घास विसरली होती.

"मला काय करायचं ते सांगा, वन्सं."

रुपेर्ता उठली. मग आत जाऊन फोन घेऊन आली. "आज रविवार. रविवारी खाणीवरून खाली गावात येतो तो, फोन लागतो. मी नाही सांगणार त्याला. माझं ऐकून काय करायचंय त्यानं? मी तर कधीच नाही म्हटलं त्यानं खाल्लं म्हणून."

फोनला रेघा फक्त घाटावर यायच्या, म्हणून दोघी घाटावर गेल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच एका वाटेनं, पुढे रुपेर्ता आणि मागे डेल्फा. घाटावर योस्त बसला होता. त्यानं डेल्फाला बघताच दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, रिकामे. डेल्फानं त्याच्याकडे बघितलंच नाही, याचं त्याला जरा आश्चर्य वाटलं असावं.

रुपेर्तानं नंबर लावला आणि फोन डेल्फाच्या कानाला लावून बाजूला झाली. घंटा वाजत राहिली. मग खरखर, मागे कुठंतरी गाणं, आणि एक जाडसर आवाज. चार वर्षांत पुरुषाचा झाला होता.

"बोल, आई."

"एल्मर, आई नाही. मी डेल्फामामी."

पलीकडे गाणं थोडं लांब गेलं. तो उठून बाहेर आला असावा. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं डेल्फा विसरून गेली. त्यानं फोन ठेवला नाही, एवढंच तिला कळत होतं. श्वास ऐकू येत होता.

"मामी," तो शेवटी म्हणाला, लहानपणी पायात काटा मोडला की म्हणायचा तसं. "कुत्रंच होतं गं."

"हो रे," डेल्फा म्हणाली. "कुत्रंच होतं."